एक दशांश गुणाचं सुवर्ण: स्ट्रीट स्केटबोर्डिंग कसं बघायचं

२९ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या कॉन्कॉर्ड चौकात पुरुषांच्या स्ट्रीट स्केटबोर्डिंगची अंतिम फेरी झाली. जपानचा युतो होरिगोमे २८१.१४, अमेरिकेचा जॅगर ईटन २८१.०४, अमेरिकेचाच नायजा ह्यूस्टन २७९.३८. एकूण गुण तीनशे, आणि सोनं-रुपं यांत फरक एका दशांशाचा. धावण्याच्या शर्यतीत असा फरक पडला तर कुणी प्रश्न विचारत नाही, कारण तिथे घड्याळ असतं. इथे मात्र ऑलिंपिकच्या निमित्ताने पहिल्यांदाच हा खेळ बघणाऱ्याला वाटतं, की परीक्षकांनी मनाला येईल तो आकडा ठोकून दिला असणार.

तसं नसतं. गुण देण्यात मानवी अंदाज असतो हे खरं, पण त्या अंदाजाची चौकट बरीच घट्ट आहे. शिवाय पदक कुणाला मिळणार हे परीक्षकांइतकंच नियमावलीतल्या बेरजेवर ठरतं. ही बेरीज नीट समजली की निम्मा खेळ समजला, म्हणून आधी तीच घेऊ.

स्ट्रीटचं मैदान म्हणजे शहरातल्या रस्त्याची नक्कल. पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेने उतरणारे लोखंडी कठडे म्हणजे रेल, बाकड्यासारखे काटकोनी ओटे म्हणजे लेज, आणि वेग मिळवायला उतार. स्पर्धा दोन भागांत होते. पहिला भाग रनचा: ४५ सेकंदांत सगळ्या मैदानावर फिरून एकामागून एक ट्रिक्स करायच्या. असे दोन रन मिळतात. दुसरा भाग सुट्या ट्रिकचा: एका वेळी एकच ट्रिक, अशा पाच संधी. प्रत्येक रनला आणि प्रत्येक ट्रिकला शंभरपैकी गुण. पॅरिसमध्ये दोन रनांपैकी चांगला एक आणि पाच ट्रिक्सपैकी चांगल्या दोन धरल्या. बाकीचं सगळं पुसलं. ट्रिक बसली नाही तर शून्य. रनमध्ये मात्र पडलात तरी उठून पुढे खेळता येतं. घड्याळ चालू राहतं आणि गुण घटतात.

होरिगोमेचे २८१.१४ आता उलगडतात: रन ८९.९०, एक ट्रिक ९४.१६, दुसरी ९७.०८. शेवटच्या संधीला तो उभा राहिला तेव्हा पदकांच्या बाहेर होता. रन आणि हातातली चांगली ट्रिक यांची बेरीज १८४.०६ होते. ईटनच्या २८१.०४ च्या पुढे जायचं तर ९६.९८ पेक्षा जास्त हवे होते. मिळाले ९७.०८. म्हणजे तो एक दशांश आख्ख्या दुपारच्या खेळात कुठेतरी विखुरलेला नव्हता. तो एकाच उडीत, दोन-तीन सेकंदांत आला.

या नियमाचा खेळाडूच्या डोक्यावर काय परिणाम होतो, हे एका मनातल्या उदाहरणाने पाहू. समजा एकाच्या दोन ट्रिक्स बसल्या आहेत, ९० आणि ८५ गुणांच्या. आता तिसऱ्या संधीला त्याने ८४ ची सुरेख, सुरक्षित ट्रिक केली तर त्याच्या बेरजेत शून्य भर पडते, कारण ८५ आधीच खात्यात आहेत. ९२ ची केली तर ८५ बाद होतात आणि सात गुण वाढतात. पडला तर? काहीच गेलं नाही. मग कुठला शहाणा माणूस सुरक्षित ट्रिक करेल? म्हणून दोन ट्रिक्स बसल्या की प्रत्येक जण आपल्याकडची सगळ्यात धोक्याची गोष्ट काढतो, आणि टीव्हीवर आपल्याला एकामागून एक आपटणारे खेळाडू दिसतात. हे जगातले सर्वोत्तम आठ, मग इतके पडतात का, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: पडणं फुकट आहे, म्हणून पडतात.

उलट पहिल्या दोन-तीन संधी हुकल्या तर चित्र बदलतं. दोन ट्रिक्स धरायच्या असताना एकच बसली, तर दुसऱ्या रकान्यात शून्य राहतं आणि शंभराच्या आसपासचा खड्डा पडतो. अशा वेळी चौथ्या संधीला खेळाडू पुन्हा पहिलीच हुकलेली ट्रिक मारतोय की काही सोपं करतोय, हे बघण्यात खरी मजा आहे. होरिगोमे सोपं करत नाही. त्याच्यावर लोकांचा जीव असण्याचं ते एक कारण.

आता आधीच्या टोकियो ऑलिंपिककडे वळू, कारण तिथे नियम वेगळा होता आणि त्यातून एक गमतीदार हिशेब निघतो. २०२१ मध्ये आरिआकेच्या मैदानावर हेच दोन रन आणि पाच ट्रिक्स होत्या, पण प्रत्येकाला दहापैकी गुण आणि सातांपैकी कुठलेही सर्वोत्तम चार धरायचे. रनचे की ट्रिकचे, याला बंधन नाही. होरिगोमेने ३७.१८ ने सुवर्ण घेतलं ते ९.०३, ९.३५, ९.५० आणि ९.३० या चार ट्रिक्सवर. त्याचे रन ८.०२ आणि ६.७७ चे होते. दोन्ही कचऱ्यात गेले. म्हणजे स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण ज्याने जिंकलं, त्याच्या ४५ सेकंदांच्या रनचा एकही गुण त्याच्या बेरजेत नव्हता.

रौप्य मिळालेला ब्राझीलचा केल्विन होफ्लर अगदी उलटा. त्याच्या ३६.१५ मध्ये दोन्ही रन होते, ८.९८ आणि ८.८४, शिवाय ८.९९ आणि ९.३४ च्या दोन ट्रिक्स. हीच फेरी पॅरिसच्या बेरजेने मोजली तर? होफ्लर: ८.९८ अधिक ८.९९ अधिक ९.३४, म्हणजे २७.३१. होरिगोमे: ८.०२ अधिक ९.५० अधिक ९.३५, म्हणजे २६.८७. दोघांची अदलाबदल! अर्थात नियम वेगळा असता तर दोघे वेगळं खेळले असते, होरिगोमेने रनवर जास्त जोर दिला असता. तरीही एवढं दिसतंच, की ‘सर्वोत्तम कोण’ याचं उत्तर ‘तुम्ही काय मोजता’ यावर अवलंबून आहे.

माझं मत स्पष्ट आहे: रन सक्तीचा केला हे बरोबर केलं. स्केटबोर्डिंग म्हणजे एका रेलवर पाच वेळा जाऊन एकदा चमत्कार करणं नव्हे. वेग कसा टिकवला, एका ओट्यावरून उतरल्यावर पुढच्या अडथळ्यापर्यंत किती ढकलण्यांत पोचला, वाटेतली मोकळी जागा वाया घालवली का, हे सगळं रनमध्येच दिसतं. पण पाचांतल्या दोनच ट्रिक्स धरणं हे जुगाऱ्याच्या सोयीचं आहे. तीन धरल्या तर सातत्याला थोडी किंमत येईल आणि फुकट पडणंही जरा महाग होईल. ह्यूस्टनचे चाहते या मुद्द्यावर माझ्याशी भांडतील, आणि त्यांचं बरोबर आहे: टोकियोत तो पाचांपैकी एकच ट्रिक बसवू शकला आणि सातवा आला, तिथे ‘तीन धरा’ म्हटलं असतं तर त्याचे गुण आणखी खाली गेले असते.

आकड्यांबद्दल आणखी एक सावधगिरी. टोकियोत महिलांच्या स्ट्रीटचं सुवर्ण जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने १५.२६ गुणांवर जिंकलं, चाळीसपैकी. पॅरिसमध्ये जपानच्याच १४ वर्षांच्या कोको योशिझावाने २७२.७५ घेतले, तीनशेपैकी. टक्केवारी काढाल तर ३८ वरून ९१ वर उडी. महिलांचा खेळ त्या तीन वर्षांत खूप पुढे गेला हे खरं, पण इतका नाही. मोजपट्टीच वेगळी लावली होती. पार्क प्रकारात, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट मैदानातल्या स्पर्धेत, हे आणखी स्पष्ट दिसतं. टोकियोत पुरुषांचं सुवर्ण ९५.८३ ला गेलं आणि महिलांचं ६०.०९ ला. पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कीगन पामरने पुरुषांचं ९३.११ वर घेतलं, तर त्याच देशाच्या अरिसा ट्रूने महिलांचं ९३.१८ वर. यावरून ट्रूचा रन पामरपेक्षा अवघड होता असं कुणी म्हणणार नाही. गुण हे त्या दिवशीच्या, त्या फेरीतल्या खेळाडूंमधला क्रम लावण्यासाठी असतात. पहिल्या खेळाडूला दिलेला आकडा हा खुंटा, बाकी सगळे त्याच्या वर किंवा खाली. म्हणूनच पहिला उतरणारा खेळाडू कितीही चांगला खेळला तरी त्याला गुण जरा हात राखून मिळतात: परीक्षकांना वर जागा शिल्लक ठेवायची असते. दोन स्पर्धांचे आकडे शेजारी ठेवून वाद घालणं व्यर्थ.

परीक्षक बघतात काय? ट्रिक किती अवघड, किती वेगवेगळ्या प्रकारच्या, किती सफाईने केल्या, मैदानाचा किती भाग वापरला, ओघ टिकला का, आणि तीच गोष्ट पुन्हा केली का. अनेक परीक्षक स्वतंत्र गुण देतात, टोकाचे वरचे-खालचे आकडे काढून टाकतात आणि उरलेल्यांची सरासरी घेतात. दशांश, शतांश येतात ते या सरासरीतून. कुणी ‘८९.९०’ असं मनात धरून बसलेलं नसतं.

सफाई ओळखायला पायांकडे बघायचं. फळीला चाकांचा धातूचा सांगाडा, म्हणजे ट्रक, ज्या आठ बोल्टनी जोडलेला असतो ते बोल्ट वरून दिसतात: चार पुढे, चार मागे. उतरताना दोन्ही पाय त्या बोल्टवर पडले तर ट्रिक चोख. पाय मधोमध पडला तर फळी मोडायची भीती, शेपटीवर, म्हणजे फळीच्या मागच्या टोकावर, पडला तर पुढची चाकं उचलली जातात आणि माणूस मागे जातो. हात जमिनीला टेकला, बोट घासलं, उतरल्यावर तोल सावरायला फळी वळवावी लागली, हे सगळं कापलं जातं. दुसरी गोष्ट उतरल्यानंतरची: वेग तसाच राहिला की थबकला? तिसरी, आणि नवख्याला सगळ्यात उशिरा दिसणारी: ट्रिकला जाण्याआधी खेळाडू कुठला पाय पुढे ठेवून येतोय.

ही तिसरी गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण अवघडपणाचा मोठा हिस्सा तिच्यात लपलेला असतो. डावा पाय पुढे ठेवणारे ‘रेग्युलर’, उजवा पुढे ठेवणारे ‘गूफी’. यात चांगलं-वाईट काही नाही, डावखुरेपणासारखं आहे. पण रेग्युलर खेळाडू मुद्दाम उजवा पाय पुढे ठेवून ट्रिक करतो तेव्हा ती ‘स्विच’ होते, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने सही करण्यासारखं. नेहमीच्याच पवित्र्यात राहून फळी मागच्या दिशेला जात असेल तर ‘फेकी’. आणि नेहमीच्या पवित्र्यात पुढेच जाताना मागच्या पायाने शेपटी दाबण्याऐवजी पुढच्या पायाने नाक, म्हणजे फळीचं पुढचं टोक, दाबून उडी घेतली तर ‘नॉली’. टीव्हीवर ट्रिक एकसारखीच दिसते. गुणांमध्ये फरक पडतो.

ट्रिकच्या नावाचा बाकीचा भाग समजायला उडी कशी घडते ते माहीत हवं. फळीला पाय चिकटवलेले नसतात, वर फक्त सँडपेपरसारखा खरखरीत ग्रिपटेप असतो. मग फळी वर येते कशी? मागचा पाय शेपटी खटकन जमिनीवर आपटतो, नाक वर उसळतं, आणि त्याच क्षणी पुढच्या पायाची बाहेरची कड ग्रिपटेपवरून नाकाकडे घासत जाते. ही घासच फळीला वर ओढते आणि सपाट करते. याला ‘ऑली’ म्हणतात. १९७०च्या दशकाच्या शेवटी ॲलन गेलफंडने ती वक्र भिंतींवर केली, आणि सपाट जमिनीवर ती आणून आजच्या स्ट्रीटचा पाया घातला रॉडनी मलनने. शिकणाऱ्याची ऑली बिघडते ती बहुतेक याच घासण्यापाशी: पुढचा पाय नुसता उचलला जातो, घासत नाही, मग फळी रॉकेटसारखी नाक वर करून उभी राहते. दुसरी चूक खांद्यांची. खांदे वळले की फळीही हवेत वळते.

पुढचा पाय नाकाकडे सरळ न जाता तिरका, टाचेच्या बाजूच्या कडेवरून निसटला की फळी स्वतःच्या लांबीभोवती गिरकी घेते, ही किकफ्लिप. टाच बोटांच्या बाजूच्या कडेवरून निसटली तर गिरकी उलटी, हीलफ्लिप. फळीची गिरकी अर्ध्यातच थांबली आणि ती दोन पायांच्या मध्ये कडेवर उभी राहिली, तर काय होतं हे पुरुष खेळाडूंना विचारू नये.

रेल किंवा लेजवर फळी टेकते तेव्हा दोनच शक्यता: ट्रकचा धातू घासला तर ‘ग्राइंड’, फळीचं लाकूड घासलं तर ‘स्लाइड’. डोळे मिटूनही हे कळतं. ग्राइंडचा आवाज करकरीत, स्लाइडचा सरसरीत. दोन्ही ट्रक रेलवर आले तर फिफ्टी-फिफ्टी, फक्त मागचा तर फाइव्ह-ओ, फक्त पुढचा तर नोजग्राइंड. फळीचा मधला भाग आडवा घासला तर बोर्डस्लाइड, नाक घासलं तर नोजस्लाइड, शेपटी घासली तर टेलस्लाइड. फ्रंटसाइड-बॅकसाइड हा शब्द रेलकडे जाताना छाती रेलकडे आहे की पाठ, यावरून लागतो. बोर्डस्लाइडमध्ये मात्र याची गंमत होते: छाती रेलकडे ठेवून आला म्हणून ‘फ्रंटसाइड’, पण रेलवर आडवा झाल्यावर तो चक्क पाठ पुढे करून, न बघता खाली सरकत असतो. त्यामुळे नाव सोपं वाटलं तरी ती जास्त भीतीदायक आहे.

एवढ्या भांडवलावर होरिगोमेची ती ९७.०८ ची ट्रिक वाचता येते: नॉली २७० ब्लंटस्लाइड. नॉली म्हणजे उडी नाकावरून. फळी रेलवर आडवी पडायला खरं तर पाव वळण, ९० अंश, पुरतं. तो उलट दिशेने पाऊण वळण, २७० अंश, घेऊन त्याच आडव्या स्थितीत पोचतो. त्या वळणात काही क्षण रेल त्याच्या नजरेआड असते. ती कुठे आहे हे अंगाला माहीत असावं लागतं. आणि उतरतो ते ब्लंटस्लाइडमध्ये, म्हणजे शेपटी रेलला घासते, मागची चाकं रेलच्या वरच्या बाजूला येतात आणि फळी तिरपी उभी. टेलस्लाइडमध्ये चाकं रेलच्या अलीकडेच राहतात, इथे ती रेल ओलांडून वर जावी लागतात, म्हणून उडी उंच हवी. थोडी जरी कमी पडली तर चाकं रेलला अडकतात, फळी जागीच थांबते आणि माणूस पायऱ्यांवरून पुढे जातो. माणूस जास्त मागे झुकला तर फळी पुढे निसटते. हे साधलं तरी सुटका बाकी: चाकं रेलच्या वर असल्यामुळे नुसतं घसरून खाली उतरता येत नाही, शरीराचं वजन हलकं करून फळी उचलूनच बाहेर काढावी लागते. तेही जोरात, उतरत्या रेलच्या शेवटी. पाचव्या संधीला, पदक हातात नसताना.

तरुण चाहत्यांना होरिगोमे आणि ह्यूस्टन यांतला एक निवडायला सांगितलं की गट पडतात. ह्यूस्टनची ताकद धडक आहे: मोठी रेल, मोठ्या पायऱ्या, एक्स गेम्स आणि स्ट्रीट लीग या मोठ्या स्पर्धांमधली पदकं मोजायला बसलं तर वेळ जाईल. होरिगोमेचा खेळ दिसायला शांत. तो जिथे स्पर्धा झाली त्याच टोकियोच्या कोतो भागात वाढला, वडीलही स्केटर. पॅरिसची पात्रता त्याला सुखासुखी मिळालेली नाही. जून २०२४ मधल्या बुडापेस्टच्या शेवटच्या पात्रता स्पर्धेपर्यंत त्याचं तिकीट पक्कं नव्हतं. कारण एका देशाचे प्रत्येक प्रकारात जास्तीत जास्त तीन, आणि जपानकडे जागतिक दर्जाचे त्याहून कितीतरी जास्त. पॅरिसमध्ये एकूण २२ खेळाडूंमधून आठ अंतिम फेरीत गेले. माझं म्हणणं असं, की ज्याला शेवटच्या ट्रिकला ९७ लागतात आणि तो ९७ काढतो, त्याच्याबद्दल ‘नशीब’ हा शब्द वापरू नये. ती ट्रिक त्याने सरावात हजारदा चुकवलेली असते.

ईटनला लोक विसरतात, ते अन्यायाचं आहे. टोकियोत कांस्य, पॅरिसमध्ये रौप्य. सातत्याचं बक्षीस असतं तर ते त्याचं.

महिलांमध्ये ब्राझीलची रायसा लेआल पहिल्यांदा जगाला दिसली ती परीचा पोशाख घालून पायऱ्यांवरून हीलफ्लिप मारणारी छोटी मुलगी म्हणून. टोकियोत १३ व्या वर्षी रौप्य, पॅरिसमध्ये २५३.३७ वर कांस्य, योशिझावा आणि १५ वर्षांची लिझ अकामा यांच्या मागे. तिचे पाय बोल्टवर पडतात ते बघत राहावं असे. पॅरिसच्या त्या व्यासपीठावर तिघींत वयाने मोठी तीच, १६ वर्षांची.

वयाचा मुद्दा नेहमी निघतो, म्हणून थोडक्यात. लहान मुलांना हलकं वजन आणि पडायचं धाडस या दोन गोष्टी मिळतात. मोठ्या रेलवर ताकद आणि वेग लागतो, म्हणून पुरुषांच्या स्ट्रीटमध्ये विशी-तिशीतले वर दिसतात. पार्कमध्ये वेग वाडग्याच्या भिंतीच मिळवून देतात. तिथे पॅरिसला चीनची ११ वर्षांची झेंग हाओहाओ होती आणि ब्रिटनचा ५१ वर्षांचा अँडी मॅकडोनाल्डही. पार्कचे नियम सोपे: ४५ सेकंदांचे तीन रन, सर्वोत्तम एक धरायचा, पडलात की तो रन संपला. त्यामुळे पहिला रन सगळे जरा जपून करतात, खात्यात काहीतरी पडावं म्हणून, आणि तिसऱ्यात सगळं पणाला लावतात. अरिसा ट्रूने मे २०२४ मध्ये उभ्या रॅम्पवर हवेत अडीच फेऱ्या, म्हणजे ९०० अंश, घेऊन दाखवल्या, महिलांमध्ये पहिलीच. टोनी हॉकने ते पहिल्यांदा जून १९९९ मध्ये एक्स गेम्समध्ये केलं होतं, वेळ संपून गेल्यावर, बाराव्या प्रयत्नात. तेव्हा ट्रूचा जन्मही झालेला नव्हता.

पॅरिसची पुरुषांची स्ट्रीट मुळात २७ जुलैला होती, पावसामुळे दोन दिवस पुढे गेली. थोड्या पावसाला घाबरतात का, असं विचारणाऱ्यांनी फळी हातात घेऊन बघावी. ती मेपलच्या सात पातळ थरांची असते. पाणी लागलं की थर फुगतात आणि तिचा ताठपणा जातो. शेपटी आपटल्यावर येणारा खटका मेला की उडीच मेली. ओल्या काँक्रीटवर पॉलियुरेथेनची चाकं धरत नाहीत. आत आठ बेअरिंग असतात, प्रत्येक चाकात दोन, त्यांच्यात पाणी शिरलं की गंज. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही अडचण रोजचीच. भिजलेली बेअरिंग काढून पुसायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवायची, पूर्ण सुकल्यावर एकेक थेंब हलकं तेल. पाण्याने धुवायची नाहीत. फळी उन्हात वाळवायची नाही, वाकडी होते. भिंतीला टेकवून सावलीत उभी ठेवायची.

भारतात स्केटबोर्डिंग २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आलं, आणि तिथे महाराष्ट्राच्या मुलींनी पदकं घेतली. अडचण पायाभूत आहे: गुळगुळीत काँक्रीट. स्पर्धेतली चाकं ५२ ते ५४ मिलीमीटर व्यासाची आणि कडक असतात, कडकपणाच्या ए मोजपट्टीवर ९९ ते १०१. पेव्हर ब्लॉकच्या फटीत असलं चाक अडकतं आणि माणूस पुढे जातो. सोसायटीच्या आवारात किंवा डांबरी रस्त्यावर शिकणाऱ्याने म्हणून ७८ ए च्या आसपासची मऊ, जरा मोठी चाकं घ्यावीत; ट्रिकसाठी ती जड आणि उसळणारी असतात, पण खडे गिळतात. फळी सव्वाआठ इंच रुंदीची बहुतेकांना चालते, पाय लहान असेल तर आठ. बाजारात खेळण्याच्या दुकानात मिळणारी प्लॅस्टिकच्या ट्रकची फळी मात्र मुलाला देऊ नये. तिचे ट्रक वळत नाहीत, म्हणून मूल पाय खाली टेकवून वळायला शिकतं, आणि ती सवय घालवायला पुढे नवीन काही शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.